वरून आलेला आदेश आणि विधिशास्त्राचा तास

कायद्याच्या पदवी अभ्यासक्रमात विधिशास्त्र नावाचा एक विषय असतो. बहुतेक महाविद्यालयांत तो ज्युरिस्प्रूडन्स याच नावाने ओळखला जातो. करार, पुरावा, मालमत्तेचे हस्तांतरण, दिवाणी प्रक्रिया हे विषय पुढे वकिलीत पोटापाण्याला लागतात, म्हणून विद्यार्थी ते मन लावून वाचतात. विधिशास्त्राचा अशील मात्र कोणालाच भेटत नाही. कायदा म्हणजे काय, तो कोठून येतो, तो पाळण्याचे बंधन आपल्यावर का असते आणि कायदा करणाऱ्यावर स्वतःवर काही बंधन असते की नाही, एवढेच प्रश्न हा विषय विचारतो. परीक्षेच्या आधी आठ दिवस गाइड आणावे, ऑस्टिन, सॅव्हिनी, केल्सन, पाउंड ही नावे पाठ करावीत आणि पेपर झाला की विसरून जावीत, असा शिरस्ता आहे.

मी अर्थशास्त्रात एम. ए. करून केंद्र सरकारच्या सेवेत आलो आणि दिल्लीत नेमणूक असताना, कार्यालय सुटल्यावर भरणाऱ्या वर्गांत बसून कायद्याची पदवी घेतली. वर्गात बँकांतील कर्मचारी होते, मंत्रालयांतील सहायक होते, सैन्यातून निवृत्त झालेले दोघे-तिघे होते. या विषयाबद्दल सर्वांचे मत एकच होते. परंतु पुढे जसजसा इतिहास वाचत गेलो, तसतसे ध्यानात आले की आपल्या प्रजासत्ताकाच्या दोन सर्वांत कठीण परीक्षा, एक १९७३ सालची आणि दुसरी १९७६ सालची, याच विषयाच्या प्रश्नपत्रिकेवर झाल्या. ती हकीकत येथे क्रमाने सांगावयाची आहे.

सुरुवात लंडनमध्ये करावी लागते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांचे दरवाजे ज्यांना बंद होते त्यांच्यासाठी १८२६ साली लंडन विद्यापीठ स्थापन झाले. आजचे युनिव्हर्सिटी कॉलेज ते हेच. तेथील विधिशास्त्राचा पहिला प्राध्यापक म्हणून जॉन ऑस्टिन यांची नेमणूक झाली. हे गृहस्थ बेंथॅमचे अनुयायी. अध्यापनाची तयारी म्हणून ते जर्मनीत बॉन येथे जाऊन राहिले. त्यांच्या पहिल्या श्रोत्यांत जॉन स्टुअर्ट मिल होता. परंतु व्याख्याने रूक्ष आणि विषय अवघड, त्यात प्राध्यापकाची प्राप्ती मुख्यतः विद्यार्थ्यांच्या शुल्कावर अवलंबून. विद्यार्थी घटत गेले आणि थोड्याच वर्षांत ऑस्टिन यांनी अध्यासन सोडले. १८३२ साली छापलेल्या त्यांच्या पुस्तकाची त्यांच्या हयातीत फारशी दखल घेतली गेली नाही. १८५९ साली ते वारले. त्यानंतर त्यांच्या पत्नी सारा ऑस्टिन यांनी टिपणे जुळवून व्याख्याने प्रसिद्ध केली आणि मग मात्र इंग्रजी भाषा जेथे जेथे पोहोचली तेथे तेथे कायद्याचे विद्यार्थी ऑस्टिन वाचू लागले.

ऑस्टिन यांचा सिद्धान्त थोडक्यात असा. कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा. ती मोडल्यास दंड. ज्याची आज्ञा समाज सवयीने पाळतो आणि जो स्वतः दुसऱ्या कोणाची आज्ञा सवयीने पाळत नाही, तो सार्वभौम. अशा सार्वभौमाला कायद्याची मर्यादा असू शकत नाही, कारण कायदा त्याच्यापासूनच निघतो. कायदा चांगला की वाईट हा प्रश्न महत्त्वाचा असला, तरी तो कायदा आहे की नाही या प्रश्नाहून वेगळा आहे. आपल्याकडील कोणत्याही कचेरीत 'वरून आदेश आहे' हे तीन शब्द उच्चारले की चर्चा संपते. हे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ऑस्टिनचे नावही ऐकलेले नसते, पण ते बोलतात ऑस्टिनच.

हा विषय मुंबईत फार लवकर आला. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश आणि शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी १८५२ साली निवृत्त झाले. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे असा त्यांचा आग्रह होता आणि देशी भाषांच्या बाजूने उभे राहिलेल्या जगन्नाथ शंकरशेट यांच्याशी त्यांचा मंडळात मोठा वाद झाला होता. तरीही पेरींच्या सन्मानार्थ मुंबईकरांनी वर्गणी जमविली आणि तिच्यातून एल्फिन्स्टन संस्थेत विधिशास्त्राचे अध्यासन उभे राहिले. १८५५ साली वर्ग सुरू झाले. मुंबई विद्यापीठ त्यानंतर दोन वर्षांनी जन्मले. आजचे शासकीय विधी महाविद्यालय हे त्या वर्गांचेच रूप. म्हणजे मुंबईत कायद्याचे शिक्षण सुरू झाले तेच कायद्याच्या तत्त्वज्ञानाच्या नावाने.

परकी राज्याला ऑस्टिनचा सिद्धान्त सोयीचा होता हे उघडच आहे. राज्याचा अधिकार कोठून आला हे न विचारता त्याची आज्ञा कायदा ठरते. पण याच सिद्धान्ताची दुसरी बाजू विसरता येत नाही. कायदा ही माणसाने केलेली आज्ञा असेल, तर माणूस तो बदलूही शकतो. जातिबहिष्कृताचा वारसाहक्क राखणारा १८५० चा कायदा आणि १८५६ चा विधवापुनर्विवाहाचा कायदा यांच्यामागे हीच दृष्टी होती. रूढी कितीही जुनी असो, विधिमंडळ तिला बाजूला सारू शकते, हा विचार आपल्या सुधारकांनी हत्यार म्हणून वापरला. म्हणून ऑस्टिन म्हणजे दडपशाहीचा भाष्यकार, असे एका वाक्यात म्हणून मोकळे होणे अन्यायाचे होईल.

ऑस्टिनवरचा पहिला भारी आक्षेपही हिंदुस्थानातूनच गेला. सर हेन्री मेन १८६२ ते १८६९ या काळात व्हाइसरॉयच्या कौन्सिलात विधिसदस्य होते. काही वर्षे ते कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरूही होते. इंग्लंडला परतल्यावर ऑक्सफर्डच्या विधिशास्त्राच्या अध्यासनावरून त्यांनी एक उदाहरण मांडले. पंजाबचे महाराजा रणजितसिंह यांच्यासारखा निरंकुश राजा शोधून सापडायचा नाही. त्यांची आज्ञा मोडण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. तथापि ज्या नियमांनी त्यांच्या प्रजेचे रोजचे आयुष्य चालत होते, म्हणजे वारसा, विवाह, शेतीची वाटणी, त्यांतील एकही नियम महाराजांनी केलेला नव्हता आणि तो बदलण्याचे त्यांच्या मनातही आले नसते. ते नियम गावच्या रूढीने चालत. मग येथे ऑस्टिनचा कायदा कोठे आहे? लंडनच्या वर्गात बसून हा प्रश्न सुचणे कठीण होते. लाहोर आणि कलकत्ता पाहिलेल्या माणसाला तो सुचला.

मेन यांनी जे बाहेरून पाहिले, त्याचा आपल्याकडे आतून केलेला विचार फार जुना आहे. पैठणहून काशीला जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यात सतराव्या शतकात नीलकंठ भट्ट होऊन गेले. घराबाहेर राहून मोठे काम केलेल्या मराठी कुळांत या कुळाचा मान पहिल्या पंक्तीचा आहे. 'निर्णयसिंधु'कार कमलाकर भट्ट आणि गागाभट्ट हे याच घराण्यातले. नीलकंठांचा 'व्यवहारमयूख' पुढे गुजरात, मुंबई आणि उत्तर कोकणात ब्रिटिश न्यायालयांनी प्रमाण मानला. त्यात एक लहानसा पण धारदार विचार आहे. एका राजाने दुसऱ्याला जिंकले तर जेत्याला काय मिळते? पराभूत राजाची स्वतःची घरे, शेते आणि चीजवस्तू यांवर जेत्याचे स्वामित्व येते. परंतु जेथे पराभूताला केवळ कर घेण्याचा अधिकार होता, तेथे जेत्यालाही तेवढाच अधिकार मिळतो. रयतेच्या जमिनीचा तो मालक होत नाही. पूर्वमीमांसेत यज्ञात सर्वस्व दान करण्याचा प्रसंग आहे, तेथेही राजाला सगळी पृथ्वी दान करता येत नाही असाच निर्णय आहे, कारण ती त्याची नाही. सत्ता आहे, पण सत्तेला तिच्या स्वरूपानेच घातलेली मर्यादा आहे, हा विचार येथे स्पष्ट दिसतो.

या परंपरेला विद्यापीठात जागा मिळाली ती विसाव्या शतकात. कलकत्ता विद्यापीठात प्रसन्नकुमार टागोर यांच्या देणगीतून चालणाऱ्या व्याख्यानमालेत प्रियनाथ सेन यांनी १९०९ साली हिंदू विधिशास्त्राच्या सामान्य तत्त्वांवर व्याख्याने दिली. मुंबईत शासकीय विधी महाविद्यालयात शिकविणारे पांडुरंग वामन काणे यांनी 'व्यवहारमयूखा'ची आवृत्ती सिद्ध केली. तिच्या प्रस्तावनेसाठी धर्मशास्त्राचा इतिहास लिहावयास घेतला, तो वाढत जाऊन १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांचा ग्रंथ झाला.

मात्र 'राजाही धर्माच्या अधीन' एवढे म्हटल्याने काम भागत नाही, याची आठवण त्याच महाविद्यालयातून झाली. १९३५ ते १९३८ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे प्राचार्य होते आणि पेरी यांच्या नावाच्या अध्यासनावर विधिशास्त्राचे प्राध्यापकही होते. ते मुळचे अर्थशास्त्राचे विद्यार्थी. ज्या वरिष्ठ धर्माने राजाला बांधले, त्याच धर्माने एका माणसाला जन्मावरून दुसऱ्याहून खालचा ठरविले, हे त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले ते त्यामुळेच. सत्तेला मर्यादा हवी, पण ती मर्यादाही न्याय्य हवी आणि लोकांनी समजून स्वीकारलेली हवी. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत त्यांनी 'संवैधानिक नीती'ची कल्पना मांडली, ती याच पेचाचे उत्तर होती. ती मांडताना त्यांनी आधार घेतला ग्रीसचा इतिहासकार जॉर्ज ग्रोट याचा. हा ग्रोट म्हणजे ऑस्टिनचा स्नेही आणि लंडन विद्यापीठाच्या उभारणीत भाग घेतलेला गृहस्थ. विचारांचे प्रवास असे अनपेक्षित वाटांनी होतात.

स्वातंत्र्याच्या वेळी विद्यापीठांतील कायद्याच्या शिक्षणाची अवस्था समाधानकारक नव्हती. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने आपल्या विधी महाविद्यालयांना देशात किंवा परदेशात प्रतिष्ठा नाही आणि सखोल संशोधनाचे क्षेत्र म्हणून कायद्याकडे कोणी पाहत नाही, असा स्पष्ट अभिप्राय दिला. वर्ग सकाळ-संध्याकाळचे, शिक्षक बहुधा अर्धवेळ वकिली करणारे, अभ्यास टिपणांवरचा. १९५६ साली दिल्लीत भारतीय विधी संस्था स्थापन झाली आणि बनारससारख्या काही ठिकाणी पूर्णवेळ अध्यापन वाढले. त्याचे फळ अनपेक्षितपणे पदरात पडले.

१९६५ च्या फेब्रुवारी महिन्यात बनारस हिंदू विद्यापीठाच्या विधी विभागात जर्मन अभ्यासक डीट्रिख कॉनराड यांचे व्याख्यान झाले. ते हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत कायद्याचे अध्यापक. विषय होता घटनादुरुस्तीच्या अधिकाराच्या गर्भित मर्यादा. त्यांनी श्रोत्यांपुढे काही कल्पित प्रश्न ठेवले. संसद दोनतृतीयांश मतांनी अनुच्छेद २१ काढून टाकू शकेल काय? बहुमत घसरत चाललेला सत्ताधारी पक्ष घटनादुरुस्तीचा सगळा अधिकार पंतप्रधानांच्या सल्ल्याने वागणाऱ्या राष्ट्रपतींच्या हाती देऊ शकेल काय? घटनादुरुस्ती करून संविधानच रद्द करता येईल आणि मोगल बादशहाचे किंवा इंग्लंडच्या राणीचे राज्य परत आणता येईल काय?

हे प्रश्न कल्पित असले तरी ज्या गावाहून ते आले तेथे ते कल्पित नव्हते. वायमार प्रजासत्ताकाच्या संविधानात दुरुस्तीच्या अधिकारावर मर्यादा नव्हती आणि २४ मार्च १९३३ च्या अधिकारदान कायद्याने संसदेने आवश्यक त्या बहुमताने आपले अधिकार हिटलरच्या मंत्रिमंडळाला देऊन टाकले. हायडेलबर्गचेच विधितत्त्वज्ञ गुस्ताव राडब्रुख यांना त्याच वर्षी प्राध्यापकपदावरून दूर करण्यात आले. युद्ध संपल्यावर ते परतले आणि १९४६ साली त्यांनी लिहिले की अन्याय असह्य होईल इतका वाढला तर कायद्याच्या रूपात आलेली आज्ञाही कायदा राहत नाही. 'कायदा तो कायदा' या शिकवणुकीने जर्मन न्यायाधीश निःशस्त्र झाले, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढच्या इतिहासकारांनी तो पुरता मान्य केलेला नाही. अनेक न्यायाधीशांनी तर कायद्याचा शब्दही सोडून राजवटीची सेवा केली. परंतु १९४९ च्या जर्मन संविधानात काही तत्त्वे दुरुस्तीच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली, ती या अनुभवामुळेच.

बनारसच्या व्याख्यानातील युक्तिवाद ज्येष्ठ वकील एम. के. नंबियार यांनी गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला. २७ फेब्रुवारी १९६७ च्या निकालात बहुमताने त्यात बळ आहे असे म्हटले, पण निर्णय दुसऱ्या आधारावर दिला. त्याआधी, ऑक्टोबर १९६४ च्या सज्जनसिंग निकालात, अमरावतीच्या मुधोळकर घराण्यातील न्यायमूर्ती जनार्दन मुधोळकर यांनी पाकिस्तानी सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयाचा दाखला देऊन शंका नोंदविली होती की संविधानाच्या मूलभूत वैशिष्ट्यांत बदल करणे ही दुरुस्ती मानावी की संविधानाच्या एका भागाचे पुनर्लेखन. शंका नोंदवून ते थांबले होते.

मग केशवानंद भारती खटला आला. केरळच्या जमीन सुधारणा कायद्याने बाधित झालेल्या एका मठाधिपतींची ही याचिका. तेरा न्यायाधीश, ६८ दिवसांची सुनावणी. याचिकाकर्त्यांकडून नानी पालखीवाला, केरळ सरकारकडून महाराष्ट्राचे महाधिवक्ता एच. एम. सीरवाई, दोघेही मुंबईच्या त्याच शासकीय विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी. २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा मतांनी ठरले की संसदेला संविधानाचा कोणताही भाग दुरुस्त करता येईल, पण त्याची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. निर्णायक ठरलेल्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांच्या निकालपत्रात कॉनराड यांचा आधार घेतलेला आहे. राजाला सगळी पृथ्वी दान करता येत नाही, हे नीलकंठांनी ज्या नगरीत लिहिले, त्याच नगरीत तीन शतकांनी संसदेला सगळे संविधान दान करता येत नाही असा युक्तिवाद झाला, याची मला गंमत वाटते. या दोहोंत परंपरेचा धागा होता असा माझा दावा नाही. प्रश्न एकच होता, एवढेच म्हणतो.

या सिद्धान्तावरील आक्षेपही प्रामाणिक आहेत. न निवडलेल्या न्यायाधीशांनी निवडलेल्या संसदेला का अडवावे? आंबेडकरांनी स्वतः, २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात, पुढील पिढ्यांचे हात बांधून ठेवू नयेत या विचाराचा पुरस्कार केला होता. सीरवाईंनी न्यायालयात या सिद्धान्ताला विरोध केला आणि पुढे आपल्या ग्रंथात मत बदलून तो स्वीकारला. मत बदलण्याचे कारण घडून गेले होते.

ते कारण म्हणजे आणीबाणी. विनाचौकशी स्थानबद्ध केलेल्यांना उच्च न्यायालयात दाद मागता येते काय, हा प्रश्न जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. नऊ उच्च न्यायालयांनी दाद मागता येते असे म्हटले होते. मूळ मुद्दा असा होता की जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क केवळ अनुच्छेद २१ मधून येतो की त्याआधीपासून आहे. तो केवळ त्या अनुच्छेदातून येत असेल, तर अंमलबजावणी स्थगित होताच दारे बंद. हा शुद्ध विधिशास्त्राचा प्रश्न आहे; पदवीच्या परीक्षेत तो पंधरा गुणांसाठी विचारतात. २८ एप्रिल १९७६ रोजी चार न्यायाधीशांनी सरकारच्या बाजूने कौल दिला. एकट्या खन्ना यांनी लिहिले की कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचे प्राण किंवा स्वातंत्र्य हिरावता न येणे हे कायद्याच्या राज्याचे सार आहे, ते संविधानापूर्वीही होते. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्ती बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले आणि खन्ना यांनी राजीनामा दिला.

पुढचे थोडक्यात सांगतो. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरले. घटनादुरुस्तीच्या अधिकाराला कोणतीच मर्यादा नाही असे म्हणणारी ४२ व्या दुरुस्तीतील कलमे १९८० साली मिनर्व्हा मिल्स निकालात रद्द झाली. बहुमताचे निकालपत्र सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांचे होते, जे १९७६ साली त्या चौघांपैकी एक होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात १९७६ चा निकाल मोडीत काढला. त्याचे मुख्य निकालपत्र त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले.

एवढी मोठी हकीकत सांगून मी पुन्हा लहान गोष्टीकडे येतो, कारण आम्हा अधिकाऱ्यांचे आयुष्य लहान गोष्टींत जाते. काही वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर एक नस्ती आली. एका निवृत्त कर्मचाऱ्याच्या विधवेचे कुटुंब निवृत्तिवेतन एका परिपत्रकाच्या आधारे अडवलेले होते. टिप्पणी नेटकी होती: परिपत्रक स्पष्ट आहे, सबब दावा अमान्य करावा. ज्या नियमांखाली ते परिपत्रक काढलेले होते ते नियम मागविले. नियमात ती अट नव्हती. परिपत्रक नियमाहून मोठे नसते, नियम अधिनियमाहून मोठा नसतो आणि अधिनियम संविधानाहून मोठा नसतो, ही केल्सनची पायऱ्यांची मांडणी त्या दिवशी दोन परिच्छेदांत लिहिता आली आणि दावा मंजूर झाला. यात पराक्रम काही नाही. पण टिप्पणी लिहिणारा तरुण अधिकारी हुशार आणि सरळ होता. आदेशाचा आधार काय, हे विचारायचे असते, असे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

अर्थशास्त्रात आम्ही शिकतो की ज्या सरकारला दिलेला शब्द केव्हाही फिरविता येतो, त्याला कर्ज महाग पडते. मर्यादा मान्य करणारी सत्ता दुबळी होत नाही, तिची पत वाढते. कायद्याच्या तत्त्वज्ञानाचे म्हणणे याहून फार वेगळे नाही.

१९८७ साली बंगळूरला राष्ट्रीय विधी विद्यापीठ सुरू झाले, पाच वर्षांचा अभ्यासक्रम रूढ झाला आणि तशी विद्यापीठे बहुतेक राज्यांत निघाली. या विषयाचे पूर्णवेळ शिक्षक आज पूर्वीपेक्षा पुष्कळ आहेत. तरी देशातील बहुसंख्य विद्यार्थी अजून साध्या तीन वर्षांच्या वर्गांतच शिकतात आणि तेथे गाइडचे राज्य अबाधित आहे. बनारसला त्या फेब्रुवारीत व्याख्यान ऐकायला बसलेल्यांना आपण काय ऐकत आहोत याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. विद्यापीठाचे काम असेच असते. कोणता तास कोणत्या दशकात उपयोगी पडेल, याचा अंदाजपत्रकात हिशेब मांडता येत नाही.

आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने स्थानबद्धतेच्या आदेशांवर कशा सह्या झाल्या याची नोंद केली आहे. कारणे न पाहता, कधी अटक झाल्यानंतर, दंडाधिकाऱ्यांनी छापील नमुन्यांवर सह्या केल्या. विचारल्यावर उत्तर बहुधा एकच मिळे: वरून आदेश होता. न्यायालयात एक खन्ना असून चालत नाही. प्रश्न तेथे पोहोचण्याच्या फार आधी कोणत्या तरी जिल्ह्यात, कोणत्या तरी टेबलावर, एका माणसाच्या हातात लेखणी असते. त्याने विद्यार्थिदशेत कधी तरी विचारलेले असावे की आज्ञा कायदा केव्हा होते. आपल्या मुलांपैकी कोणी कायदा शिकत असेल आणि या विषयाचा उपयोग काय असे विचारीत असेल, तर त्याला शहा आयोगाचा अहवाल वाचावयास द्यावा.